नऊ वाव तार

"दिवा लावलाय का?" असं परवाना कचेरीच्या साहेबाने विचारलं, तेव्हा दिवा लावून पाव तास झाला होता.

साहेब पलीकडच्या धक्क्यावर उभा. आमची नाव अलीकडच्या तीराला बांधलेली. मध्ये पाऊण मैल नदी. दिवस नुकताच बुडालेला. नवरा फोन कानाला लावून डोलकाठीच्या टोकाकडे बोट दाखवत होता, जसं काही ते बोट साहेबाला फोनमधून दिसणार होतं. साहेब, लागलाय हो, वर बघा, वर. साहेबाने वर पाहिलं असेल, खाली पाहिलं असेल, मग तो म्हणाला की मला तर नुसतं पाणी दिसतंय. आठ दिवसांनी परत येतो, तेव्हाही असंच असेल तर संध्याकाळच्या फेरीचं विसरा.

मी नावेत डोलकाठीखालीच उभी होते. मलाही मान वर करून नीट बघावं लागलं. टोकावरच्या पांढऱ्या दिव्याच्या बल्बमधली तार लालसर दिसत होती, तापातून उठलेल्या माणसाच्या डोळ्यांसारखी. डाव्या बाजूचा लाल आणि उजव्या बाजूचा हिरवा तर काचेच्या आत कुठेतरी झोपलेच होते.

पलीकडच्या गिरणीने त्या महिन्यापासून पाळी बदलली होती. माणसं आता अंधार पडल्यावर सुटायची. अंधारात माणसं न्यायची तर नावेवर हे तीन दिवे लागतात, आणि ते या तीरावरून त्या तीराला दिसावे लागतात. नाही दिसले तर ती चाळीस माणसं दोन मजली लाँचवाल्याकडे जाणार आणि आम्हाला उरणार सकाळचे दोन मास्तर आणि दूधवाले. तेवढ्यावर नाव चालत नाही. नाव विकावी लागेल हे घरात कोणी उच्चारलं नव्हतं, पण सासऱ्यांनी तिला रंग द्यायचं काढलं होतं ते आपोआप मागे पडलं होतं आणि रंगाचा डबा तसाच झाकण लावून दाराशी बसला होता.

आता हे दिवे बसवले कोणी, तर माझ्या नणदेच्या नवऱ्याने. भावोजी वायरमन आहेत. अर्ध्या गावातल्या घरांचं वायरिंग त्यांच्या हातचं, आणि घरातल्या कामात त्यांचा हात कोणी धरणार नाही हे मी कबूल करते. पण नाव म्हणजे घर नाही. त्यांनी बॅटरी ठेवली मागे इंजिनाच्या पेटीत आणि तिथून डोलकाठीपर्यंत नेली करंगळीतल्या अंगठीच्या कडीएवढी बारीक तार. तेव्हाच मी म्हटलं होतं की भावोजी, ही पुरणार नाही. ते हसले. "वहिनी, याच तारेवर तुमच्या घरात इस्त्री चालते. हा तर एवढासा बल्ब."

लग्नाआधी सात वर्षं मी बापाच्या दुकानात पंपाच्या मोटारींचं वाइंडिंग केलंय. माझ्या बोटांवर अजून तांब्याच्या तारेचे चरे आहेत. पण सासरी आल्यावर माणसाची अक्कल माहेरीच राहते असा काहीतरी समज असावा, कारण माझ्या बोलण्यावर भावोजी हसले, नवरा हसला आणि सासूबाईंनी मला चहा ठेवायला सांगितला.

साहेब गेल्यावर घरात प्रत्येकाला अक्कल फुटली. सासूबाईंचं म्हणणं, काचा मळल्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी मऊ फडकं आणि राख घेऊन त्यांनी तिन्ही काचा अशा घासल्या की आत कोणी चेहरा बघून भांग पाडावा. संध्याकाळी दिवे लावले. स्वच्छ काचेतून मिणमिणता उजेड.

भावोजींचं म्हणणं, बॅटरी मेली. बॅटरी खांद्यावर टाकून नवऱ्याने बाजारात नेली, दिवसभर चार्जिंगला ठेवली आणि खांद्यावर टाकून परत आणली. त्याच्या सदऱ्याला आम्लाची भोकं पडली. दिवे तसेच.

मग नवऱ्याला स्वतःची कल्पना सुचली. बल्बच मोठा लावू. मी म्हटलं, अहो, बल्ब मोठा केला तर तो जास्त ओढेल, जास्त ओढलं की त्या बारीक तारेत जास्त अडकेल, आणि उजेड आहे त्यापेक्षाही कमी पडेल. तो म्हणाला, मोठ्या बल्बचा उजेड कमी कसा पडेल, काहीतरी बोलू नकोस. आणला. लावला. उजेड आहे त्यापेक्षाही कमी पडला. मी तार त्याच्या हातात दिली. कोमट लागत होती. त्याने ती धरून ठेवली आणि बल्ब बनवणाऱ्याला शिव्या दिल्या.

असे आठातले तीन दिवस गेले.

चौथ्या दिवशी मी ट्रंकेतून बापाचं मीटर काढलं. डोलकाठी आडवी करून घेतली, टोक लाकडी घोडीवर टेकवलं, जुना बल्ब परत बसवला आणि दिवे लावले. बॅटरीवर मोजलं तर साडेबारा व्होल्ट. टोकाशी मोजलं तर साडेनऊ. मी भावोजींना बोलावून काटा दाखवला. तीन व्होल्ट वाटेत सांडतायत, म्हटलं. इस्त्रीला दोनशेतीस मिळतात, त्यातले तीन सांडले तर कोणाच्या बापाला कळत नाही. इथे सगळे मिळून बारा. हंड्यातून वाटीभर पाणी सांडलं तर हंडा भरलेलाच दिसतो, तांब्यातून सांडलं तर तांब्या रिकामा होतो.

भावोजींनी मीटर उलटंपालटं केलं. "वहिनी, मीटर जुनं आहे."

माझं डोकं फिरलं. इंजिनाच्या पेटीतून मी ती बॅटरी एकटीने उचलली. वीस-बावीस किलोचं धूड. पोटाशी धरून, गुडघ्यांनी ढकलत, माणसं बसायच्या फळ्या ओलांडत डोलकाठीच्या टोकाशी आणली. पोटरीला लोखंडी कडी लागून रक्त आलं. कोणी पुढे झालं नाही, कारण मी काय करतेय तेच कोणाला कळत नव्हतं. वीतभर तारेचे दोन तुकडे सोलले आणि बल्ब सरळ बॅटरीला लावला. नवऱ्याने डोळ्यांवर हात घेतला. ऐन दुपारी, भर उन्हात त्या बल्बकडे बघवत नव्हतं.

"बॅटरी तीच, बल्ब तोच," मी म्हटलं. "आता बोला."

भावोजी म्हणाले, कुठेतरी लूज कनेक्शन असणार. आणि सायकल काढून गेले.

नवरा मात्र त्या बारीक तारेचं टोक बोटात फिरवत बसला आणि मग, मला लग्नानंतर पहिल्यांदा विचारावं तसं, त्याने विचारलं, "किती जाड लागेल?"

आता जाडी काढायची तर आधी लांबी हवी. मी टेप शोधायला लागले. तेव्हा नावेच्या मधल्या पेटीवरून आवाज आला, "नऊ वाव."

ते सासरे. दिवसभर ते त्या पेटीवर बसलेले असायचे. दोन वर्षांपूर्वी नांगराचा दोर झटक्यात गेला आणि त्यांचा डावा खांदा निखळला. बसवला, पण नीट बसला नाही, हात आखडला तो आखडलाच. तेव्हापासून सुकाणू नवऱ्याकडे आलं आणि सासऱ्यांकडे ही पेटी राहिली. पेटीत त्यांची हत्यारं, दोराचे तुकडे, राळ, जुने खिळे. खांद्याबद्दल घरात कोणी बोलत नाही. सासूबाई सकाळी त्यांना सदरा चढवतात तेव्हासुद्धा पाण्याबद्दल नाहीतर शेजारणीबद्दल मोठ्याने कुरकुरत असतात, म्हणजे ते चढवणं चालू आहे हे कोणाच्या लक्षात यायला नको.

नाव सासऱ्यांनी बांधलेली. हिच्यावरचा प्रत्येक दोर त्यांच्या हाताने मापलेला. दोन्ही हात ताणून फाकवायचे, या बोटापासून त्या बोटापर्यंत एक वाव. सहा फूट, एक इंच इकडेतिकडे नाही. इंजिनाच्या पेटीपासून काठाकाठाने डोलकाठीच्या टोकापर्यंत नऊ, हे त्यांना तोंडपाठ होतं. मी म्हटलं, बाबा, तरी एकदा टेप लावू. "टेप दुकानदाराला लागतो," ते म्हणाले आणि तोंड फिरवून नदीकडे बघत बसले. मी टेप शोधणं सोडलं. आकडा तर बरोबरच होता.

नऊ वाव म्हणजे साडेसोळा मीटर. मी दिनदर्शिकेच्या पाठीवर तेहतीस लिहिले. नवरा म्हणाला, दुप्पट कशाला? मी सांगितलं, दोर जातो, बांधला की संपला. वीज जाते आणि परत येते. बॅटरीतून निघालेली बॅटरीत परत आली नाही तर दिवाच लागत नाही. दोन तारा, आणि दोन्हींत सांडतं. हे गणित भावोजींनी केलं नव्हतं आणि अर्धं केलं असतं तरी उत्तर चुकलंच असतं. मी तिन्ही दिव्यांचं मिळून मांडलं. चारची, म्हणजे चार चौरस मिलिमीटर तांब्याची, तार काठावर पास होत होती. सहाची घेतली तर तीन व्होल्टांच्या जागी जेमतेम अर्धा व्होल्ट सांडणार होता.

दुसऱ्या दिवशी मी आणि सासरे बाजारात गेलो. नवऱ्याची फेरी होती आणि सासरे म्हणाले, तार मी मापून घेणार. दुकानात गर्दी. दुकानदाराने विचारलं, सहाची कशाला, गिरणी घालताय काय? मी म्हटलं, तीन बल्ब लावायचेत. आजूबाजूचे चार जण हसले. दुकानदार म्हणाला, ताई, घरात गिझरलासुद्धा चारची पुरते, तुम्हाला कोणीतरी फसवलंय. मी म्हटलं, मला कोणी फसवलं नाही, तुम्ही सहाची काढा. त्याने सुस्कारा सोडून ड्रम काढला. शेवटचाच होता, नवा माल पुढच्या आठवड्यात. कापलेली तार परत घेत नाही, असंही त्याने भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवून सांगितलं.

त्याने फळीवर मीटरच्या अंतराने ठोकलेल्या खिळ्यांशी तार लावली, तोच सासऱ्यांनी ती त्याच्या हातातून घेतली. "मी मापतो."

उजवा हात बाहेर गेला, पूर्ण, बोटापर्यंत ताठ. डावा कोपरापाशी थांबला. त्यांनी जोर केला. मानेची शीर तट्ट झाली, ओठ आत गेले, पण कोपर उघडेना. "एक," ते मोठ्याने म्हणाले. तार खाली सोडली. "दोन." दुकानातली माणसं बघत होती. कोणी म्हणालंही, बघा जुनी माणसं, टेपबीप काही लागत नाही. सासऱ्यांची पाठ जरा ताठ झाली. "तीन."

ते वाव नव्हतेच. प्रत्येकात दीड फूट तरी कमी पडत होता, आणि तो मला ढळढळीत दिसत होता. हे चार दिवस मी घरादाराला अक्कल शिकवत होते, भावोजींना त्यांच्या तोंडावर बोलले होते, नवऱ्याला बोलले होते, आता दुकानदाराला बोलले. आणि ऐन वेळी माझ्याच तोंडाला कुलूप लागलं. नऊ झाले. पुन्हा नऊ झाले. दुकानदाराने कापली. मी पिशवी धरली आणि त्यांच्या मागून चालायला लागले. वाटभर मला माझा इतका राग येत होता की पाय आपटत होते.

सातव्या दिवशी तार टाकायला घेतली. उद्या संध्याकाळी साहेब येणार. नवऱ्याने बारीक तार उपटून काढली, मी मागून जाड तार काठाच्या आतून घेत, जागोजागी पट्टीने बांधत पुढे आणली. ती डोलकाठीला पोचली आणि अर्धी चढली. टोक अजून दोन पुरुष वर होतं.

नवऱ्याने तार ओढून पाहिली. पुन्हा मागे जाऊन कुठे गुंडाळी राहिली का पाहिली. मग त्याचा चेहरा लाल झाला. "फसवलं त्याने. मापात मारलं. आत्ता जातो, बघतो त्याच्याकडे."

भावोजी आलेले होते, दुसऱ्यांच्या फजितीला ते वेळेवर हजर असतात. ते म्हणाले, त्यात काय, वरचा भाग आपल्या बारीक तारेने जोडू. मला वाटलं आता हातातली पक्कड नदीत फेकावी.

सासरे पेटीवर बसलेले. उजव्या हाताने डावं कोपर धरलं होतं आणि नजर पायाखालच्या फळीवर. नवऱ्याने चपला घातल्या. तो दुकानात जाऊन भांडणार, दुकानदार चार माणसांसमोर सांगणार की बाबा रे, मापली तुझ्याच बापाने. आणि पुढच्या आठवड्यापर्यंत तार नाही ती नाहीच.

मी म्हटलं, "थांबा. तार मुद्दाम कमी घेतलीय."

"मुद्दाम?"

"बॅटरी मागे कशाला हवी? इंजिन तर हँडल मारून चालू होतं, त्याला बॅटरी लागतच नाही. दिव्यांचीच आहे ती. दिव्यांजवळ ठेवायची. तार जितकी आखूड तितकं कमी सांडतं."

बोलता बोलताच मला ते सुचत होतं. आणि ते खरं होतं, हे सगळ्यात हास्यास्पद. पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. बॅटरी इंजिनाच्या पेटीत असते म्हणून असते, त्यापलीकडे त्या जागेला काही कारण नव्हतं, आणि गणितं करणाऱ्या मला ते दिसलं नव्हतं.

"मग ठेवायची कुठे?" नवऱ्याने चौदा-पंधरा फूट पुढे नजर टाकली. तिथे एकच जागा होती. झाकणाची, कोरडी, नावेच्या बरोबर मध्ये. तिच्यावर त्याचा बाप बसला होता.

सासरे उठले. झाकण उघडलं आणि एका हाताने एकेक वस्तू काढून फळीवर ठेवायला लागले: पटाशी, हातोडी, रंधा, राळेचा गोळा, दोराची वेटोळी. नवरा मदतीला वाकला तर म्हणाले, राहू दे. पेटी रिकामी व्हायला बराच वेळ लागला. बॅटरी आत बसली, तिला हवा जावी म्हणून मी पेटीच्या कडेला भोकं पाडली. तार टोकापर्यंत पोचून वीतभर उरली. टोकाशी मीटर लावलं. बारा आणि वर थोडं.

दुसऱ्या दिवशी दिवस बुडाल्यावर साहेबाचा फोन आला. आम्ही सगळे नावेत होतो. लाल दिसतो, साहेब म्हणाला. हिरवा दिसतो. मग थांबला. "पांढरा जरा जास्तच आहे हो." पण लिहून घेतो, म्हणाला, सोमवारपासून फेरी सुरू करा. सासूबाई तिथेच फळीवर बसून रडल्या. भावोजी नवऱ्याला सांगत होते की मी म्हणतच होतो, लूज कनेक्शन होतं. मी काहीच बोलले नाही. एका आठवड्यात माणूस किती बोलेल.

रविवारी सकाळी मी नाव पुसत होते. सासरे धक्क्यावरून उतरून आले. पेटीवर बसले नाहीत. नव्या दोराचं वेटोळं त्यांच्या उजव्या खांद्यावर होतं, ते त्यांनी माझ्यासमोर टाकलं.

"दुकानात दिसलं होतं तुला."

मी फडकं पिळलं. "हो."

"मग बोलली का नाहीस?"

मी म्हटलं, बाबा, चार माणसं होती.

"चार माणसं," ते म्हणाले. आवाज चढला नाही, पण मी त्यांना एवढं रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं. "तीन व्होल्टासाठी आठ दिवस घर डोक्यावर घेतलंस. जावयाला सोडलं नाहीस. माझ्या लेकाला सोडलं नाहीस. आणि मला सोडलंस? माझी लाज राखायला माझी नाव घालवत होतीस?"

डोळ्यांत पाणी आलं ते दिसू नये म्हणून मी पुन्हा फळी पुसायला लागले.

"ठेव ते. इकडे ये. हात फाकव."

काठाच्या लाकडावर दोन खाचा होत्या. मी त्या रोज पुसायचे आणि लाकडाची झीज समजायचे. त्यांनी मला त्या काठाशी उभं केलं, माझं डावं बोट एका खाचेवर टेकवलं आणि म्हणाले, ताण. मी ताणलं. उजवं बोट दुसऱ्या खाचेच्या अलीकडे वीतभर थांबलं. त्यांनी तिथे अंगठ्याचं नख दाबलं. मग फळीखालून पटाशी काढली. पटाशी मी धरली, हातोडी त्यांनी मारली. तीन घावांत नवी खाच पडली.

"नऊच्या जागी तुझे दहा आणि वर दोन वीत," ते म्हणाले. "नांगराचा दोर वीस होता. त्याचे किती ते तू काढ, गणित तुला येतं. तुझ्या नवऱ्याला मापता येत नाही, तो अंदाजाने तोडतो."

त्यांनी दोराचं टोक उजव्या हाताच्या मुठीत घट्ट धरलं आणि पेटीवर, त्या बॅटरीच्या झाकणावर, बसले. मी हात फाकवले.

"एक," मी म्हटलं.

"मोठ्याने," ते म्हणाले. "आणि सैल धरू नकोस."